चौदा नियम आणि आठ नंबरची मेट्रो

श्रावकाच्या चौदा नियमांत एक नियम वाहनाचा आहे. तरते, फिरते, चरते आणि उडते यांपैकी किती वाहने आज वापरावयाची, हे सकाळी धारावयाचे आणि सायंकाळी त्याचा संक्षेप करावयाचा. अकोल्यासारख्या गावात हा नियम फारसा जड जात नाही. घर ते दुकान स्कूटर, फार तर संध्याकाळी मंदिरापर्यंत एखादा ऑटो. टिळक रोडच्या बाजूस लेस, बटणे, झिप आणि अस्तर यांचे दुकान असलेल्या एका गृहस्थांच्या मातोश्री गेली चाळीस वर्षे चौदाही नियम धारीत आल्या आहेत. मुलाने मात्र ते कधी मनावर घेतले नव्हते. पंचेचाळिशी उलटली तरी "दुकान आणि नियम एका वेळी सांभाळता येत नाहीत" हेच त्याचे उत्तर असे.

गेल्या दिवाळीपूर्वी त्याने चीनला जाण्याचे ठरविले, तेव्हा गोष्ट निराळी झाली. वीस वर्षे मुंबईच्या घाऊक पेढ्यांकडून येणारा माल आता गावातल्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर त्याच भावात दिसू लागला होता. मधला एक हात कमी केल्याशिवाय दुकान टिकणे कठीण होते. आयात-निर्यात कोड काढून झाला, व्हिसा झाला. खर्चासाठी बाजूला काढलेली रक्कम मोजकी होती आणि त्यातलीच निम्मी मातोश्रींच्या ठेवीतून आली होती. त्यांनी व्याज मागितले नाही. "चौदा नको," त्या म्हणाल्या, "वाहन आणि दिशा, हे दोन तरी धार. चौविहार आणि पक्के पाणी तर आहेच."

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी, नेमक्या ज्ञानपंचमीच्या दिवशी, कोलकाता ते ग्वांगझोऊ ही थेट विमानसेवा पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. मुंबई–हावडा लोहमार्गावरील अकोलेकरांसाठी ही सोय फारच उपयोगाची. एरवी आधी मुंबई गाठावी, मग हाँगकाँग किंवा बँकॉकला विमान बदलावे, असा द्राविडी प्राणायाम होता. वह्यांचे पूजन उरकून हे गृहस्थ दोन दिवसांनी गीतांजलीत बसले, दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्यास उतरले आणि रात्रीच्या विमानाने पहाटे ग्वांगझोऊला पोहोचले. त्या दोन दिवसांचा वाहनांचा आकडा मोठाच होता. तो त्यांनी प्रामाणिकपणे वहीत मांडला.

ही वही म्हणजे दुकानातीलच एक छोटा रोजमेळ. डाव्या रकान्यात युआन, त्यापुढे साडेबाराने गुणून रुपये आणि अगदी उजवीकडे, नव्याने आखलेल्या रकान्यात, वाहने.

परक्या महानगरात पैसा कोठे गळतो, हे या तिसऱ्या रकान्याने त्यांना पहिल्याच दिवशी दाखविले. विमानतळापासून शहरात येणारी तीन नंबरची मेट्रो आठ-नऊ युआनमध्ये पोहोचविते. तेवढ्याच अंतराला टॅक्सीवाला शंभरावर घेतो. ग्वांगझोऊच्या मेट्रोचे भाडे अंतरानुसार आहे. पहिल्या चार किलोमीटरना दोन युआन, पुढे बारापर्यंत दर चार किलोमीटरना एक युआन, त्यापुढे टप्पा आणखी लांबत जातो. टॅक्सीचा मीटर मात्र बारा युआनपासूनच सुरू होतो. आत शिरताना प्रत्येक पिशवी यंत्रातून तपासली जाते. सुटे तिकीट काढल्यास बटणासारखी एक गोल प्लॅस्टिकची चकती हाती येते आणि बाहेर पडताना ती यंत्रात टाकावी लागते. बटणांच्या व्यापाऱ्याला तिचे कौतुक वाटले यात नवल नाही.

प्रश्न उभा राहिला तो गाडी बदलण्याचा. तीन नंबरच्या गाडीतून उतरून आठ नंबरच्या गाडीत बसले, तर वाहन एक की दोन? तिकीट एकच असते. पण व्रत तिकिटावर मोजायचे नसते, असा कौल त्यांनी स्वतःविरुद्ध दिला आणि दोन मोजली. रोजची मर्यादा चार वाहनांची धरलेली असल्याने मुक्काम अशा जागी असणे भाग पडले, की कोठेही गाडी बदलावी लागू नये. कँटन फेअर भरतो ते पाझोऊचे संकुल आठ नंबरच्या मार्गावर आहे, आणि कापड, लेस, बटणे यांचा झोंगदा हा प्रचंड बाजारही त्याच मार्गावर. म्हणून त्या बाजाराजवळच, लूज्यांग स्थानकापाशी, एक साधे हॉटेल घेतले. मेळ्याच्या दिवसांत भाडी चढलेलीच असतात. तरी पाझोऊच्या दारातील हॉटेलांपेक्षा ते बरेच स्वस्त पडले. तेथून पाझोऊ तीन युआन, आणि झोंगदाचा बाजार पायी.

पैसे देण्याची रीत हा तिकडे परदेशी माणसाला सर्वांत आधी अडविणारा विषय. आपले यूपीआय तेथे चालत नाही. भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सारे अलीपे किंवा वीचॅटवर. २०२३ पासून परदेशी कार्ड या ॲपना जोडता येते, म्हणून फॉरेक्स कार्ड घरूनच जोडून नेलेले बरे. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यापुढे तीन टक्के लागतात. नमुन्यांची खरेदी त्यांनी त्या हिशेबानेच लहान लहान ठेवली. व्हॉट्सॲप आणि गूगल तेथील इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर ते चालले, तेव्हा सकाळी एकदा मातोश्रींचा आवाज कानी पडे. मुक्कामाच्या पत्त्याची चिनी अक्षरांतील चिठ्ठी मात्र खिशात हवीच. फोनची बॅटरी संपली तर त्या शहरात माणसाजवळ पैसा, नकाशा आणि भाषा यांतले काहीच उरत नाही.

खाण्यापिण्याची धास्ती घरातील सर्वांना होती. पाण्याने ती पहिल्याच दिवशी घालविली. चिनी माणूस स्वतःच उकळलेले पाणी पितो. हॉटेलच्या खोलीत किटली, स्थानकावर गरम पाण्याचा नळ. चातुर्मासात पक्क्या पाण्याची तीन प्रहरांची मर्यादा सांभाळणे त्यांना अकोल्यापेक्षा तेथे सोपे गेले. बौद्ध शाकाहारी भोजनालयांत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र कमळकंद, मुळा, बटाटा आणि अळंबी यांची तेथे रेलचेल, त्यामुळे ताटातील प्रत्येक पदार्थाची चौकशी सुटत नाही. खाखरे, मूग, फळे आणि एक वेळचा वाफाळता भात यांवर दिवसाचे भोजन चाळीस युआनमध्ये निभावले.

सूर्यास्ताची गंमत निराळीच. चीनचे घड्याळ आपल्याहून अडीच तास पुढे. पण नोव्हेंबरच्या आरंभी ग्वांगझोऊचा सूर्य तेथील घड्याळाप्रमाणे पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि अकोल्याचा सूर्य आपल्या घड्याळाप्रमाणे त्याच सुमारास. घरच्या पच्चक्खाणाच्या कोष्टकावरून तेथे डबा उघडता आला. मेळा सहाला बंद होतो, म्हणून पाच वाजताच एखादा बाक शोधून ते जेवून घेत.

२ नोव्हेंबरच्या दुपारी, साडेचारच्या सुमारास, एका पुरवठादाराने त्यांच्यापुढे मनाजोगत्या लेसचे नमुने मांडले. भाव मुंबईच्या निम्म्याहून कमी. "यंत्रे आमची स्वतःची आहेत. कारखाना फोशानला आहे. गाडी उभी आहे, आत्ताच चला." अट एकच होती. प्रत्येक नमुन्यामागे किमान वीस हजार मीटर आणि तीस टक्के बयाणा लगेच. इतक्या मालात मातोश्रींची ठेव जवळजवळ सगळीच अडकणार होती. कारखाना पाहणे जरुरीचे होते. पण त्या दिवसाची दिशा-मर्यादा ग्वांगझोऊ शहरापुरती धरलेली होती आणि सूर्यास्ताला सव्वा तास उरला होता. "उद्या मी स्वतः येतो," ते म्हणाले. पुरवठादाराला हे चमत्कारिक वाटले, काहीसा अपमानही वाटला असावा. फुकटची गाडी कोणी नाकारते काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दिशेत फोशान धरले आणि वाहने सहा. आठ नंबरने शायुआन, तेथून ग्वांगझोऊ आणि फोशान यांना जोडणारी मेट्रो, पुढे टॅक्सी. येताना तीच तीन. दोन शहरांना जोडणारी चीनमधील ही पहिली मेट्रो, २०१० साली सुरू झालेली. पत्ता खरा निघाला. रंगाईच्या टाक्या होत्या, गुंडाळणी होती, बांधणी होती. लेस विणणारी यंत्रे मात्र दिसेनात. विचारताच पुरवठादार थोडा घुटमळला आणि मग म्हणाला, ती दुसरीकडे आहेत, जवळच. बाहेर पाऊस कोसळत होता. पायी जाण्याजोगे ते अंतर नव्हते. हे गृहस्थ क्षणभर दारात थांबले आणि त्याच्या गाडीत बसले.

दोन-तीन किलोमीटरवरील त्या शेडचा मालक वेगळाच होता. म्हणजे पुरवठादार विणलेला माल विकत घेऊन रंगवीत होता. खोटे त्याने सगळेच सांगितले नव्हते, पण कारखानदाराचा भाव म्हणून तो जे मागत होता त्यात एक हात मधला होताच. तेवढे उघड झाल्यावर बोलणे बदलले. वीस हजारांचे पाच हजार मीटर झाले आणि बयाणा दोनच नमुन्यांवर ठरला. उरलेली रक्कम जहाजावर माल चढल्याची कागदपत्रे आल्यावर, आणि माल वाटणीच्या कंटेनरमधून न्हावा शेवाला. मोठा नफा नाही, परंतु मोठी जोखीमही नाही. त्या शेडपर्यंत गेले नसते तर हे कळले नसते, हेही खरेच.

५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा होती. घरी त्या दिवशी शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन चुकत नाही. मेळा आदल्या दिवशीच संपला होता आणि विमान दुसऱ्या पहाटेचे. ते आठ नंबरच्याच गाडीने सांस्कृतिक उद्यानाच्या स्थानकावर उतरले. याच परिसरात पूर्वी परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारी होत्या. १७५७ पासून १८४२ पर्यंत चीनशी सागरी व्यापार करणाऱ्या पाश्चात्त्यांना हे एकच बंदर खुले होते. तटाच्या आत पाऊल टाकण्यास त्यांना बंदी, हंगामापुरता मुक्काम आणि सौदा फक्त परवानाधारक चिनी व्यापाऱ्यांमार्फत. १८५६ साली त्या वखारी जळून गेल्या. मुंबईचे शेठ मोतीशा, म्हणजे मोतीचंद अमीचंद, यांचा व्यापार या बंदराशी होता. जमशेदजी जिजीभाई हे त्यांचे भागीदार. कापूस जाई, तशी अफूही जाई. आपल्याकडे शेठजींचे चरित्र सांगताना हा दुसरा शब्द सहसा गाळला जातो. कुंतासरची खोल दरी बुजवून शत्रुंजयावर त्यांनी बांधविलेल्या टूंकेची प्रतिष्ठा १८३७ साली, त्यांच्या निधनानंतर, झाली. त्या वैभवाचा एक उगम या नदीकाठी होता. पश्चिमेकडे तोंड करून, एका बाकावर बसून, त्यांनी भावयात्रा केली. आसपास म्हातारी मंडळी पत्ते खेळत होती.

घरी परतल्यावर मातोश्रींनी आधी वहीच मागितली. चष्मा लावून त्यांनी पाने उलटली. रोजचा खर्च ठरविलेल्या पाच हजार रुपयांच्या आतच होता. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. ३ नोव्हेंबरच्या पानावर त्यांचे बोट थांबले. वर सहा वाहने धारलेली आणि खाली ओळी सात. सातव्या ओळीपुढे भाड्याच्या रकान्यात शून्य.

"ही कोणाची गाडी?"

त्याने पाऊस, शेड, यंत्रे, सारे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग वही मिटून त्या उठल्या आणि उद्याच्या आयंबिलासाठी तांदूळ निवडावयास बसल्या. "दोघांचे टाकते," एवढेच त्या म्हणाल्या.