खाणीचा पैसा, गावाचं पाणी

पहिल्या मोठ्या पावसात गोव्याच्या खाणपट्ट्यातले व्हाळ आजही तांबडे होऊन वाहतात. कितीतरी खाणी वर्षानुवर्षं बंद असल्या तरी डंपांची, म्हणजे खाणीतून उपसलेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांची, माती काही जागची हलायची थांबत नाही. ते पाणी पाहिलं की 2010 च्या आसपासचं कुडचडे-सावर्डे आठवतं: लोहखनिज भरलेल्या ट्रकांची न संपणारी रांग, रस्त्याकडेच्या झाडांचं एकूणएक पान लाल, आणि नाकाला रुमाल बांधून शाळेला निघालेली पोरं. त्या रांगेलाच तेव्हा भरभराट म्हणत. माझं म्हणणं एवढंच की ती गावाची कमाई नव्हतीच. गाव आपलं भांडवल विकून खात होतं.

इथे थोडा इतिहास मध्ये आणावाच लागतो. खाणी पोर्तुगीज सरकारने दिलेल्या परवान्यांच्या. 1987 च्या कायद्याने त्यांचे भाडेपट्टे झाले. चीनची मागणी वाढली तसं उत्पादन वर्षाला सुमारे 5 कोटी टनांवर गेलं. 2012 मध्ये बंदी येऊन खाणी बंद झाल्या. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती. म्हणजे ऐन भरभराटीच्या त्या पाच वर्षांतलं खाणकाम बेकायदा होतं. पुढे 2018 मध्ये 88 पट्ट्यांचं त्या निकालानंतर केलेलं नूतनीकरणही रद्द झालं.

यावर लोक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की खाणीने घरं बांधली, मुलं शिकवली. बंदीनेच माणसं रस्त्यावर आणली. कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचे हाल खरेच झाले. पण ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळ, सगळंच एका खनिजावर उभं होतं. बंदी नसती तरी चीनमधला भाव पडताच, नाहीतर खनिज संपताच, हेच झालं असतं. तोवर दुसरी वाट मात्र बुजत गेली. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर टाकावं लागतं. मग आसपासच्या झरी आटतात. झरीवर पिकणारी वायंगण शेती जाते, सुपारी-नारळाचं कुळागर सुकतं, आणि शेतात गाळ साचतो. लईराई देवीच्या शिरगावातल्या विहिरी खाणींमुळेच आटल्या. ज्या गावाने पाणी राखून शेती केली, त्यालाच टँकरची वाट पाहावी लागली. याचा राग मला अजून आवरत नाही. खाणकामगाराचा पगार हिशेबात दिसतो. आटलेल्या झरीची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

म्हणून खाण कायमची बंद करा, असं मी म्हणत नाही. 2014 च्या निकालाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा आणि विक्रीच्या 10 टक्क्यांचा कायमस्वरूपी निधी सांगितला. खनिज हा पिढ्यांचा ठेवा आहे, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते योग्यच आहे. पण पैशाचा निधी उभारता येतो, झरीचा नाही. 2022 पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आहेत. पुढच्या लिलावाची बातमी वाचाल तेव्हा महसुलाचा आकडा नंतर पाहा. आधी विचारा, त्या गावच्या विहिरीचं पाणी आज किती खोल आहे आणि ते राखण्याची जबाबदारी कुणी लेखी घेतली आहे.