लाल जर्सी कुणी घालत नाही

शनिवारी दुपारी क्यूरपीपच्या बाजाराबाहेर दालपुरीच्या गाडीपुढे रांग लागते. गाडीवाला दोन-दोन पुऱ्या एकदम उचलतो, वर पावट्याची भाजी, टोमॅटोची रुगाय, मिरचीचा ठेचा टाकतो आणि कागदाची गुंडाळी करून हातात देतो. रांगेतल्या पाठींवर लिव्हरपूल असते, मँचेस्टर युनायटेड असते, आर्सेनल तर हमखास असते. मॉरिशस नसते. राष्ट्रीय संघाची, ‘क्लब एम’ची लाल जर्सी शोधायची तर डोळ्यांत तेल घालून उभे राहावे लागते.

इथे राहायला आलेल्या मराठी माणसाला हे खटकते. बेटाला फुटबॉलचे वेड नसते तर गोष्ट वेगळी. पण न्हाव्याच्या दुकानापासून बँकेच्या खिडकीपर्यंत बोलणे फुटबॉलचेच, फक्त परक्या शहरांच्या संघांचे. इंग्लंडमधले शनिवारचे दुपारचे सामने इथे संध्याकाळी सहा-सातला, चहा आटोपल्यावर टीव्हीवर दिसतात. घरच्या संघाने या वेळेशी झुंजावे तरी कसे?

लहान बेट म्हणून जमत नाही, ही सबब 2025 साली निकालात निघाली. 2026च्या विश्वचषकासाठी मॉरिशसच्या गटात केप व्हर्दे होते, मॉरिशसच्या निम्म्याहून कमी वस्तीचे. त्यांनी मॉरिशसला दोन्ही सामन्यांत हरवले, कॅमेरूनला मागे टाकले आणि 13 ऑक्टोबरला विश्वचषक गाठला. परदेशात वाढलेली आपली पोरे त्यांनी शोधून आणली. मॉरिशसनेही पॅरिसमध्ये जन्मलेला केव्हिन ब्रू, रेनमध्ये जन्मलेला लिंडसे रोज असे खेळाडू आणले. पण खाली भक्कम लीग नसेल तर असे दोन-चार जण किती ओढणार? आफ्रिकी राष्ट्रचषकाच्या मुख्य स्पर्धेत मॉरिशस एकदाच खेळले, 1974 साली. तेव्हा तिन्ही सामने हरले. हिंदी महासागर क्रीडास्पर्धेतली दोन सुवर्णपदके, 1985 आणि 2003ची, दोन्ही घरच्या मैदानावरची.

मुंबईकराला इथल्या फुटबॉलचा इतिहास ऐकताना पंचरंगी क्रिकेट आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि ‘रेस्ट’. इथे हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, क्रेओलांची फायर ब्रिगेड, फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांचा डोडो क्लब. गर्दी दोन्हीकडे ओसंडून. 1943च्या अंतिम सामन्यात ‘रेस्ट’च्या 387 धावांत विजय हजाऱ्यांच्या एकट्याच्या 309 होत्या. त्यांच्याबरोबर तीनशेची भागी करणाऱ्या भावाचा, विवेकचा, वाटा होता 21चा! हिंदूंकडून विजय मर्चंट नाबाद 250. तरीही सामना हिंदूंनीच जिंकला. असल्या गोष्टी सांगताना म्हातारे अजून खुलतात, आणि त्याच दमात स्पर्धा बंद झाली ते बरेच झाले असेही म्हणतात. गांधीजींचा विरोध होताच. 1946 नंतर ती झाली नाही. पण तोवर रणजी करंडक चांगला बारा वर्षांचा झाला होता. एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते.

मॉरिशसमध्ये ते नव्हते. मुस्लिम स्काउट्सचा नुसता स्काउट्स क्लब झाला, पण पाठीराखे तेच राहिले. 23 मे 1999 रोजी फायर ब्रिगेडने स्काउट्सना हरवून विजेतेपद घेतले. त्यानंतरच्या दंगलीत पोर्ट लुईमधला ल’आमिकाल हा जुगारअड्डा पेटवला गेला आणि सात माणसे मेली. लीग थांबली. पुन्हा सुरू झाली ती गावा-जिल्ह्यांच्या संघांची. एवढे घडल्यावर सरकारने दुसरे काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे. पण कागदावर हद्दी आखून कुणाचा कुणाशी जिव्हाळा जुळत नाही, हेही तितकेच खरे. ज्यांचे संघ गेले त्यांनी जिल्ह्याचा संघ पत्करला नाही, लिव्हरपूल पत्करला. तिथे शेजारचा हिंदू, मुसलमान, क्रेओल एकाच बाकावर बसून ओरडू शकतो, आणि हरले तर शिव्या इंग्लंडला.

तरीही कुणाला घरचे फुटबॉल पाहायचेच असेल तर क्यूरपीपच्या जॉर्ज पंचम स्टेडियममध्ये लीगचा सामना गाठावा. मेट्रो 2022पासून क्यूरपीपपर्यंत येते, त्यामुळे गाडी लावायची कटकट नाही. छत्री मात्र आणू नये. हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, पाऊस आडवा येतो आणि मागचा माणूस भांडायला उठतो. रेनकोट हवा, जुलै-ऑगस्टमध्ये आत स्वेटरही. अंधार पडल्यावर बस विरळ होतात, तेव्हा परतीचे आधीच ठरवून ठेवावे. दालपुरी बाजारातूनच बांधून न्यावी, कारण गर्दी नसेल तिथे गाडीवाला फिरकत नाही.