उशाशी बॅटरी

लेकीनं फोटो पाठवले तेव्हा मी कळंबच्या अंगणात बाजेवर पडलो होतो. योकोहामातली दोन हॉटेलं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्हाला जपानात तिच्याकडे बोलावून घ्यायचं आणि दोन रात्री तिथं ठेवायचं, असा तिचा बेत. "अण्णा, तुम्हीच निवडा," म्हणाली. एक हॉटेल लँडमार्क टॉवरच्या माथ्यावर. इमारत २९६ मीटर उंच, खोल्या पन्नास मजल्यांच्याही वर, आभाळ निवळलं तर खिडकीत फुजी पर्वत. दुसरं बंदरासमोरचं, ठेंगणं, गोल कोपऱ्याचं, 'हॉटेल न्यू ग्रँड'.

"तो टॉवर कधीचा गं?"

"१९९३."

त्या सालाशी आमचं जमत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून सगळा मुलूख दमून झोपलेला, आणि किल्लारीला भूकंप झाला. किल्लारीपासून कळंब बरंच लांब, म्हणून आमचं घर उभंच राहिलं. भिंतीतून नुसती माती गळाली. पण औसा-उमरग्याच्या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. गारवा राहावा, गळू नये म्हणून दरसाल थोडी माती वर टाकायची ही आपली रीत. पिढ्यांनी हौसेनं चढवलेली ती माती एका झटक्यात खाली आली. त्यानंतर कित्येक महिने लोक अंगणात, पत्र्याखाली निजले. तेव्हापासून आमच्या उशाशी बॅटरी असते. आणि ही रात्री कधीही जाग आली की विचारते, "अहो, चार वाजून गेले का?" गेले म्हटलं तर कूस बदलून झोपते. नाहीतर चार वाजेपर्यंत आढ्याकडं बघत पडते. मीही पडतो. नवरा-बायकोत इतक्या वर्षांनी बोलायला काय उरतं म्हणता, आमचं हे एक उरलेलं आहे.

दुसऱ्या हॉटेलाची गोष्ट लेकीनं सांगितली आणि निवड तिथंच संपली. योकोहामात पूर्वी 'ग्रँड हॉटेल' नावाचं नामांकित हॉटेल होतं. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना धरणी हलली. घराघरांत चुली पेटलेल्या, त्यामुळं भूकंपामागून आग. तोक्यो, योकोहामा आणि आसपास मिळून लाखावर माणसं गेली, ते हॉटेलही गेलं. मग चार वर्षांत, १९२७ साली, हे नवं उभं राहिलं आणि नावच ठेवलं न्यू ग्रँड. एका रात्रीचं भाडं मी मनातल्या मनात सोयाबीनच्या कट्ट्यांत मोजलं. आकडा हिला सांगितला नाही.

शेवटी तिथं पोहोचलो. आत शिरलं की निळ्या गालिच्याचा रुंद जिना. पायताण हातात घ्यावं की काय असं वाटावं, असा. आमची वळकटीवजा बॅग उचलणाऱ्या पोराला मी नोट देऊ केली, तर त्यानं कमरेत वाकून नकार दिला. इथं बक्षिसी घेत नाहीत म्हणे. मग हिनं पिशवीतून कुंथलगिरीचा पेढा काढला. तो मात्र त्यानं दोन्ही हातांनी घेतला.

३१५ नंबरच्या खोलीत १९४५ च्या ऑगस्टअखेर जनरल मॅकआर्थर उतरला होता. हरलेल्या देशात पाऊल टाकल्या टाकल्या इथंच. लोक ती खोली आवर्जून मागतात. माझं मास्तरी मन ३१८ कडं ओढलं, तिथं राहून ओसारागी जिरो हा कादंबरीकार लिहीत बसायचा. आम्हाला दोन्हींपैकी एकही मिळाली नाही, ते बरंच झालं. कुणाच्या इतिहासात पाय पसरून झोप लागत नाही. आमच्या खोलीतून समुद्र दिसत होता, आणि १९३० सालची 'हिकावा मारू' ही बोट; प्रवास संपवून कायमची बांधलेली.

खोलीत काय नव्हतं! पण हिची नजर गेली पलंगाच्या कडेला. तिथं खुंटीला एक छोटी बॅटरी अडकवलेली. काढली की आपोआप पेटणारी. लेक म्हणाली, "आई, इथं हॉटेलच्या खोल्यांत ठेवतात. भूकंपासाठी." ही काही बोलली नाही. बॅटरी काढली, पेटते का पाहिली, परत अडकवली, आणि मग कुठं पलंगावर टेकली. दारापासून तोवर ती उभीच होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी समोरच्या यामाशिता बागेत गेलो. ही बाग भूकंपाचा राडारोडा समुद्रात लोटून, त्या भरावावर केलेली. १९३० मध्ये खुली झाली. खाली अख्खं मोडलेलं शहर आणि वर गुलाबाचे ताटवे. एका कडेला घुमटाची छत्री दिसली तशी ही चपला काढून हात जोडायला निघाली. देऊळ नव्हतं ते, पाणपोई होती. त्या काळी इथं रेशमाचे भारतीय व्यापारी पुष्कळ. त्यांच्यातलेही भूकंपात दगावले, उरलेले कोबेला गेले. योकोहामानं त्यांना परत बोलावून घरं-दुकानं दिली. त्याची उतराई म्हणून आणि मेलेल्यांची आठवण म्हणून त्यांनी १९३९ साली हे बांधून दिलं. घुमटाच्या आत रंगीत फरश्यांची नक्षी. हिनं तरीही हात जोडलेच. मीही जोडले.

जेवायला नेपोलितान, म्हणजे टोमॅटोतल्या शेवया. याच हॉटेलात युद्धानंतर जन्मल्या असं सांगतात. आमच्यासाठी त्यातलं हॅम वगळून आणल्या. ही म्हणाली, "तिखट असतं तर बरं झालं असतं."

रात्री जाग आली ती कपाटातल्या हँगरच्या आवाजानं. टिकटिक, टिकटिक. पाण्याच्या ग्लासात बारीक लाट. पाच-सहा सेकंद असतील. मी उठून बसलो, हात आपसूक खुंटीकडं गेला, तोच थांबलं. बाहेर बोटीवरचे दिवे तसेच. फोनवर लेकीचा मेसेज: "अण्णा, लहान होता. झोपा."

अंधारातून हिचा आवाज आला, "अहो, चार वाजून गेले का?"

घड्याळात पावणेपाच.

"गेले," म्हणालो.

तिनं कूस बदलली.