नैरोबीच्या वेशीवरचे सिंह

तुमचे कोणी केनियात नोकरीला असेल आणि गावाकडचे वडीलधारे तिकडे पाहुणे गेले, तर पहिल्याच दिवशी मसाई माराची लांबची धूळवाट नको. नैरोबी शहराला लागूनच १९४६ साली झालेले राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ११७ चौरस किलोमीटरचे. पहाटेच निघावे, उन्हे चढली की सिंह सावलीला पडतो. हत्ती इथे नाहीत, हे आधीच सांगून ठेवा! गेंडे, जिराफ, झेब्रे मात्र आहेत.

आमचे मामा जुन्नरकडचे. उसात बिबट्या नित्याचाच. सिंह दिसताच त्यांनी विचारले, "कुंपण कुठवर आहे?" कुंपण तीनच बाजूंना. दक्षिणेला नदीपलीकडे मसाई लोकांची कुरणे. पावसाळ्यात रानजनावरे तिकडे चरायला जातात आणि त्यांच्या मागोमाग सिंह. २०१२ साली शेळ्या-मेंढ्या मारल्या म्हणून किटेंगेलाच्या लोकांनी सहा सिंह मारले. आता काही गोठ्यांभोवती रात्री लुकलुकते दिवे असतात; सिंहाला वाटते, कोणी माणूस बत्ती घेऊन फिरतो आहे.

मग मामा जिराफाकडे कसले बघतात! त्या दिव्याची बॅटरी उन्हावर भरते हे कळल्यावर दिवा केवढ्याला पडतो, याचीच चौकशी चालली होती.