हेल्मेटवरचा शिक्का खरा आहे का?

बीपी तपासायला येणारे बरेच जण हेल्मेट मांडीवर घेऊन बसतात. मी ते उलटून आत पाहतो. थर्मोकोलचा जाड थर नसला की सांगतो, हे पोलिसांसाठी आहे, डोक्यासाठी नाही. "पण डॉक्टर, आयएसआय लिहिलंय ना!" स्टिकर काय, कुणीही छापतो.

१ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, प्रमाणपत्राशिवाय हेल्मेट विकता येत नाही. तरीही २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला जिल्हाधिकाऱ्यांना कारवाईसाठी पत्रं लिहावी लागली. २०१६ च्या कायद्यानुसार निकृष्ट माल बाजारातून परत घ्यायला लावता येतो. पण रस्त्याकडेला बिलाशिवाय घेतलेलं हेल्मेट तुम्ही कोणाला परत देणार?

आयएसआय चिन्हाजवळ आयएस ४१५१ आणि सीएमएल क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, ते दिसतं.

डोकं आदळतं तेव्हा आतला थर चेपतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. चेपलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातातलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा, देवपुरातून फक्त पांझरेच्या पुलापलीकडे जायचं असलं तरी.