पुरवून खाताना

आमटीत पाणी वाढवलं की वाट्या वाढतात, भूक मात्र तेवढीच राहते. म्हणून पुरवून खाण्याची सुरुवात डाळीपासून करावी. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला संसार थाटल्यापासून माझ्या घरात ही डाळ मसुराची असते. भिजवायला नको, वीस मिनिटांत मऊ होते, कुकर नसला तरी साध्या पातेल्यात शिजते. माणशी एक मूठ कोरडी डाळ आणि पातेल्यासाठी एक मूठ जास्त, हे माझं माप. महिनाअखेर असली तरी मी ते कमी करत नाही.

या मसुराची गोष्ट मला फार जवळची वाटते. १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. त्याच सुमारास इकडे सास्कॅचेवान प्रांतातले शेतकरी गव्हाला जोड देणारं पीक शोधत होते, कारण गहू उदंड पिकून त्याला गिऱ्हाईक मिळेनासं झालं होतं. सास्काटूनच्या विद्यापीठात आल्फ्रेड स्लिंकार्ड या शास्त्रज्ञाने कडधान्यांवर काम सुरू केलं आणि १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे मसुराचं वाण शेतकऱ्यांच्या हाती आलं. पुढे लाल मसूरही आला. आज मसुराच्या निर्यातीत कॅनडा जगात अग्रेसर आहे. आपल्या लहानपणीचं मसुराचं कालवण या देशात परकं नाही, इथल्याच मातीतलं आहे. नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते.

ती मुलं म्हणतात, “ताई, डाळ पुरते हो, पण तिसऱ्या दिवशी नको होते.” कसब लागतं ते इथे. पहिल्या दिवशी वरण घट्ट ठेवायचं: हळद, हिंग, मीठ, वर लिंबू. दुसऱ्या दिवशी त्याचीच आमटी. चिंच, गूळ, गोडा मसाला आणि मोहरी-कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावी, कारण आंबट आधी पडलं तर डाळ लवकर मऊ होत नाही आणि गॅस जळत राहतो. तिसऱ्या दिवशी उरलेल्या आमटीत पाणी आणि थोडं तिखट वाढवून कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे उकळत्या रसात सोडायचे, की वरणफळं तयार. इथे पाणी वाढवलेलं चालतं, कारण ते कणीक पिऊन घेते. ताटात येतो तो नवा पदार्थ. मुलं शिळं म्हणून नाक मुरडत नाहीत, आणि तीन दिवसांची डाळ शिजवायला गॅस एकदाच लागलेला असतो.

भाजीचंही असंच. ओंटारिओत गुरुवारी दुकानांची नवी पत्रकं येतात. ती बघूनच मी आठवड्याच्या भाज्या ठरवते, भाजी ठरवून दुकानात जात नाही. हिवाळ्यात कोबी, गाजर, बटाटा, कांदा यांच्यावरच भिस्त. कोबीच्या एका गड्ड्याचे मी तीन भाग करते. बाहेरची जाड पानं बारीक चिरून थालीपिठात जातात, मधला भाग पीठ पेरून परतते, आतला कोवळा गाभा दाण्याचं कूट घालून कोशिंबिरीला. पीठ पेरताना बेसन आधी कोरडंच खमंग भाजून घ्यावं. कोबी स्वतःच्या वाफेवर शिजत आला की ते वरून भुरभुरावं आणि झाकण ठेवावं. सुटलेलं पाणी पीठ शोषून घेतं, भाजी दुप्पट दिसते आणि पोटाला आधारही देते. तेल कमी असलं तरी चालेल, फोडणी मात्र कच्ची राहू देऊ नये. मोहरी तडतडली नाही तर सगळ्याला काटकसरीची चव लागते.

इथल्या ऋतूंनीही मला बरंच शिकवलं. ऑक्टोबरअखेर हॅलोविन उलटलं की दारोदारी सजलेल्या लाल भोपळ्यांचा भाव कोसळतो. न कोरलेला, धडधाकट भोपळा उचलावा. हे भोपळे गोडीला जरा कमी आणि पाणीदार असतात, पण किसून ज्वारीच्या पिठात मळले की पाण्याची गरजच उरत नाही. दुधाचंही असंच. इथे चार लिटर दूध तीन पिशव्यांत मिळतं. त्यातल्या एका पिशवीचं दही लावायचं. थंडीत ते लागत नाही, म्हणून ओव्हन न पेटवता फक्त त्याच्या आतला दिवा लावून भांडं रात्रभर ठेवायचं. त्या दह्याचं ताक, ताकाची कढी, कढीबरोबर खिचडी. डाळीच्या पाकिटावरची ‘बेस्ट बिफोर’ तारीख उलटली तरी घाबरू नये. ती ताजेपणाबद्दल सांगते, डाळ नासली असं सांगत नाही. भाताबाबत मात्र हयगय नको. उरलेला भात ओट्यावर रात्रभर राहू देऊ नये, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावा, मगच दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी.

हे सगळं मी आईकडे आणि आजीकडे बघत शिकले. त्यांच्या हाताला अन्न पुरवायचं वळण होतं. पण त्यांची एक रीत मी मुद्दाम सोडून दिली. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी राहील ते त्यांचं जेवण असे. आम्ही त्याला त्याग म्हणत आलो. खरं तर तिथे पुरत होती ती बाई, अन्न नव्हे. आणि हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत अल्प उत्पन्नात मुलं एकटीने वाढवणाऱ्या आयांचा अभ्यास लिन मॅकइंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००३ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. या आयांचा आहार त्यांच्या मुलांपेक्षा निकस निघाला, आणि हातातले पैसे संपत गेले तसं ते अंतर वाढत गेलं. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या बायका चुलीपाशी एकच हिशेब करतात, हे वाचून मी हादरले.

म्हणून आता मी कुणालाही पुरवून रांधायला शिकवते, तेव्हा आधी ताटं मांडायला लावते आणि त्यात रांधणाऱ्याचं ताट असतंच. डाळीची मूठ घेताना स्वतःची मूठ मोजायची. काही कमी करायचीच वेळ आली तर ते सगळ्यांच्या ताटातून सारखं कमी करायचं, आणि ते घरात बोलून करायचं.

एवढं करूनही भागत नसेल, तर दोष तुमच्या हाताचा नाही. घरभाडं पगाराचा मोठा घास घेऊन गेल्यावर कोबीच्या गड्ड्यातून किती काढणार? कॅनडातली पहिली फूड बँक १९८१ मध्ये एडमंटनला सुरू झाली. मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरच्या फूड बँकांमध्ये लोक वीस लाखांहून जास्त वेळा येऊन गेले. त्यांत नोकरी करणारी माणसंही आहेत. तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. स्वतः उपाशी राहून चारचौघांत मान राखण्यापेक्षा तिथून आणलेल्या मसुराचं वरण करून घरातल्या सगळ्यांनी, रांधणाऱ्यासकट, एका पंगतीला बसावं. पुरवून खाण्याचं माझं शास्त्र हेच.