भाताला शीग, दारूला काठ

आमच्या घरात माळ्यावर एक जुनी लाकडी पायली पडून आहे. तिच्यात आता भात नाही. एक अडकित्ता, फुटक्या काचेचा चष्मा आणि करंगळीएवढी जाड वेळूची एक नळी, एवढंच तिच्यात आहे. नातवानं परवा ती नळी काढून विचारलं, “आजोबा, ही शिट्टी आहे का?” फुंकून बघितली, वाजली नाही. म्हटलं, बाळा, ती वाजायची, पण दुसऱ्याच्या तोंडातून. त्याला काही कळलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

बोनकोडे म्हटलं की आज लोकांना कोपरखैरण्याच्या इमारती दिसतात. माझ्या लहानपणी पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि मधे आमची भातं. खाडीकडची जमीन खारी. बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं, तेव्हा कुठं भात यायचं. बांध फुटला तर दोन-तीन वर्षं जमीन कामातून जायची. एवढं करून भात दुधावर आलं की रात्री डोंगराकडनं रानडुकरं उतरायची. डुक्कर खातं थोडं, तुडवतं फार. एका रात्रीत पाच-सहा गुंठे सहज झोपवायचं.

म्हणून आमच्याकडं ठासणीची बंदूक होती. 1959 चा शस्त्र कायदा आला, त्यातही पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्याला मिळायची सोय होती. आजोबांची बंदूक जाड नळीची. खाऱ्या हवेनं तिची नळी आतून खाल्ली, तेव्हा बाबांनी रीतसर कागद करून कल्याणकडच्या एका पाव्हण्याची बंदूक घेतली. ही बारीक नळीची. बाबांची करंगळीसुद्धा आत शिरत नव्हती. हलकी, दिसायला देखणी. पण आजोबांचं दारूचं पितळी माप होतं ते जाड नळीचं. ते या बंदुकीला चालणार नव्हतं आणि पाव्हण्याकडचं माप हरवलेलं.

ज्यांनी ठासणीची बंदूक बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याची नाहीतर चिंधीची गुडदी, मग छर्रे, परत गुडदी, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपेवर पडतो आणि बार उडतो. नुसता आवाज करून डुकरं पळवायची असली तर छर्रे घालायचे नाहीत. काडतुसात दारू कारखान्यातून मोजून येते. इथं मोजणारा आपणच. कमी पडली तर बार फुसका, जास्त झाली तर दस्ता खांदा मोडतो, नाहीतर नळीच फाटते. ती फाटते कुठं, तर धरणाऱ्याच्या तोंडाजवळ.

गावातले काही जण तळहातावर अंदाजानं दारू घ्यायचे. बाबा म्हणायचे, “हात कधी ओला, कधी सुका. मानूस कधी शुद्धीत, कधी नाय. मापाला तसा नसतो.” मग त्यांनी नवं माप करायला घेतलं. 1971 चा भादवा होता. मी बारा वर्षांचा.

आधी त्यांनी माझ्या शाईच्या पेनाचं टोपण घेऊन बघितलं. ते खाली निमुळतं, त्यात दाणे अडकून राहायचे. लोखंडी डबी नको म्हणाले, दारूपाशी लोखंड घासलं तर ठिणगीची भीती. शेवटी कुंपणातलं बारीक वेळूचं एक कांडं कापलं. खालचं पेर तसंच ठेवलं, त्यामुळं आपोआप बूड मिळालं. वरचं तोंड दगडावर घासून सपाट केलं. आता त्यात किती दारू मावायला हवी हे कुणालाच माहीत नाही. वेळू कापून माप लहान करता येतं, एकदा कापलं की मोठं करता येत नाही. बाबांनी आयकडनं मेण मागून घेतलं, वितळवलं आणि नळीत निम्म्यापर्यंत ओतलं. थंड झाल्यावर उरली ती जागा थोडीशीच. “आता मेन कोरत जायाचा,” म्हणाले. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची ही युक्ती. मी दहावीपर्यंत गेलो, पण मला अजून असं काही सुचलं नाही.

बंदूक त्यांनी बांधावरच्या भेंडीच्या बेचक्यात दोरानं करकचून बांधली. चापाला लांब सुतळी लावली आणि आम्ही दोघं बांधाआड बसलो. नळीपुढं जमिनीवर जुनं धोतर अंथरलेलं. पहिला बार फुस्स झाला. बाबांनी लाकडाच्या काडीनं आतलं मेण जरासं कोरलं आणि परत भरला. असं तीन संध्याकाळी चाललं. दर बाराला नळी पुसायची, गार होऊ द्यायची, मग पुढचा. आवाज भरत गेला. एका बाराला धोतरावर न जळलेले काळे दाणे पडलेले दिसले. बाबा लगेच थांबले. “नली आता जेवली. वर घातलेला वाया चाललाय,” म्हणाले. मेणाचे दोन-चार थेंब परत आत सोडले आणि तेच माप पक्कं केलं.

आणखी एक काम केलं. मापाएवढा बार भरून नळीत गज उभा केला आणि नळीच्या तोंडापाशी गजावर चाकूनं खूण पाडली. अंधारातही अंगठ्याला लागेल अशी. तेव्हा मला ते उगाचचं वाटलं.

मग मला शिकवलं. आमच्या घरी कुणाला भात मोजून द्यायचं तर पायलीवर शीग यायची. आय म्हणायची, काठाबरोबर मोजतो तो वाणी, शेतकऱ्यानं शीग द्यावी. बलुत्याचं असो की लेकीचं, शेर, पायली सगळं शिगोशीग. ही सवय माझ्या हाताला होती. बाबांनी नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “भाताला शीग द्याची, दारूला काठ माराचा. ध्यानात ठेव.” नळी भरायची, बोटानं टिचकी मारायची, वर काडी फिरवून काठाबरोबर करायची. दर वेळी तसंच, कमी नाही, जास्त नाही.

त्या आश्विनात माळ्यावर राखणीला मी बाबांबरोबर जायचो. भरायचं काम माझं. एका रात्री डोळा लागला होता. बाबांनी हलवून उठवलं. खालच्या खाचरात डुकरांचा घोळका शिरलेला, भात मोडल्याचा कडकड आवाज ऐकू येत होता. मी झोपेतच शिंगातनं नळी भरली, ओतली. तेवढ्यात कुत्रं भुंकलं, मी तिकडं बघितलं. परत नळी हातात आली तेव्हा ओतली की नाही ते आठवेना. घाईत परत भरली, ओतली. काठ मारला होता की नाही तेही आठवत नाही. गुडदी घातली आणि बंदूक बाबांच्या हातात दिली.

बाबांनी गज आत सारला आणि अंगठा फिरवला. खूण नळीच्या तोंडापासून चांगली दोन बोटं वर राहिली होती. ते काही बोलले नाहीत. परत ठासून बघितलं, परत अंगठा फिरवला. मग हळूच विचारलं, “दोनदा वतलीस का र?”

मला बोलताच येईना. खाली डुकरं चालूच होती. बाबांनी केप बसवलीच नाही. बंदूक बाजूला आडवी ठेवली, तोंड खाडीकडं करून. मग दोघांनी आरडाओरडा केला, पत्र्याचा डबा बडवला. डुकरं सावकाश गेली, पोट भरल्यावर. उजाडेपर्यंत आम्ही तसेच बसलो. मी रडत होतो. बाबा एवढंच म्हणाले, “भात परत येल. डोला परत येत नाय.”

सकाळी त्यांनी नळीत पाणी ओतलं, दारू भिजवून निकामी केली, पिळाची सळई घालून गुडदी ओढून काढली. सगळा काळा चिखल बाहेर पडला. तो मी बघावा म्हणून मला शेजारी उभं केलं. शेतात गेलो तर आठेक गुंठे भात चिखलात लोळत होतं. त्या साली घरात खायला पुरेल एवढंच भात आलं, विकायला काही उरलं नाही. आयनं विचारलं, बंदूक असून बार का नाही काढला? बाबा म्हणाले, “केप भिजली.” माझ्याकडं बघितलंही नाही.

पुढच्या वर्षी, 1972 ला, वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. आमच्यासाठी बंदूक आधीही जास्त करून आवाजाचीच होती, नंतर तर तेवढीच राहिली. तोवर ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं सुरू झालं होतं. मी 1975 साली दहावी झालो आणि घरच्या शेतीत उतरलो. ती शेती थोड्याच वर्षांची होती. खाचरांत भराव पडले, उघाडी बुजल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या मागं माणसं रस्त्यावर आली. जासई, दास्तानच्या त्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला. पुढं साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं ठरलं. बाबा म्हणायचे, “आपन शीग देवून मोजला, आपल्याला माप साडेबाराचा.” यापलीकडं ते त्यावर कधी बोलले नाहीत.

बंदुकीचा परवाना पीक राखायचा. नूतनीकरणाला गेले तेव्हा सातबारा मागितला. सातबाऱ्यावर आता आमचं नाव नव्हतं. मागणाराचं काही चुकलं नाही. पीकच नाही तर राखायचं काय? बाबांनी बंदूक जमा केली. दर निवडणुकीला जमा करून परत आणायचे, तशी या वेळी परत आणायची नव्हती. जाताना तेल लावून पुसली, गजही दिला. नळी तेवढी खिशात राहिली. मुद्दाम ठेवली की विसरले, मी विचारलं नाही.

बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एकदा आयला मी सगळं सांगून टाकलं. केप भिजली नव्हती, मी दोनदा दारू ओतली होती, ते आठ गुंठे माझ्यामुळं गेले. आय निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाली, “मना तवाच कळलं होतं. तुजे बापाची केप कदी भिजली नाय.”

नातवाकडनं नळी परत घेतली. आत बोट घालून बघितलं, मेण अजून आहे, बाबांच्या काडीचे ओरखडे त्यावर लागतात. पुसून परत पायलीत ठेवली.